खांबाला टिचकी

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१२ फेब्रुवारी २००९

ती. मामांस दत्तूचा नमस्कार. गुडघा कसा आहे असं मुद्दामच विचारत नाही, कारण तुम्ही “गुडघ्याला काय धाड भरलीय” असंच लिहिणार आणि खरं काय ते प्रभावतीमामी पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिणार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (हे वाक्य तूर्त तसंच राहू द्या.)

माझ्या नि मुग्धाच्या लग्नात भर पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, “आमचा भाचा दुबईला पोकळ खांब विकतो.” सगळे हसले, मीही हसलो, पण तो घास अजून घशातच आहे. (नऊ वर्षं झाली.) तुमचं चुकलं नव्हतं म्हणा. तुमच्या खाणीतला चिरा पायावर पडला तर माणूस सहा महिने अंथरुणाला खिळतो. आमच्या जबल अलीच्या फॅक्टरीतला चौदा फुटी खांब दोघं जण गप्पा मारत उचलून नेतात. बाहेर सिमेंटचं कवच, आत हवा. भार पेलतो तो इमारतीचा काँक्रीटचा पिलर, आमचा खांब त्याच्याभोवती नुसता मिरवतो.

तर गेल्या सप्टेंबरात एका शेठला व्हिलासाठी युरोपातल्या एका राजवाड्यासारखे बारा खांब हवे झाले आणि मापं घ्यायला कंपनीनं मला धाडलं. जुन्या गावातल्या गल्ल्या आपल्या पाणंदीएवढ्या, आणि वळलं की एकदम तो दोनशे वर्षांचा वाडा: सरळ रेषा, वर त्रिकोणी कपाळ, नक्षीचा सोस नाही. दारात मी बूट काढले. (एवढे खांब दिसले की आपल्याला देऊळच वाटतं.) तिथल्या राखणदार बाई धावत आल्या. बूट काढायचे नसतात, त्यांवरून वाड्याच्या लोकरी सपाता चढवायच्या असतात. तोवर माझ्या मोज्यातून डोकावणारा अंगठा त्यांनी पाहिला होता, आणि मग त्या माझी पाठ सोडेनात.

मोठ्या दालनात गुलाबी शिरांचे संगमरवरी खांब होते. मामा, खोटं नाही सांगत, मला माझ्या धंद्याची लाज वाटली. टेप खिशातच राहिली. आपण फणसाला मारतो तशी एकाला टिचकी मारली. बद्द! दुसऱ्याला मारली, तोही बद्द. बाईंनी मला अडवेपर्यंत चार झाले होते. मला वाटलं, आता पोलीस. पण त्या हसल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, बांधणाऱ्याचा पैसा आटला, म्हणून संगमरवराऐवजी रंगीत गिलावा घोटून चढवला. मग माझं मनगट धरून मला खांबाच्या मागं नेलं. तिथं एक टवका उडाला होता आणि आत काळं पडलेलं लाकूड दिसत होतं. “ओक,” त्या म्हणाल्या. “इट होल्ड्स.”

घरी सांगितलं तर आमची ईश्वरी म्हणाली, “बाबा, सो इट्स ऑल फेक?” मी म्हणालो, नाही. मामा, गिलावा कुणाला चुकलाय? विचारायचं एवढंच, की आत ओंडका आहे का. (तुम्हाला बहुधा हेच म्हणायचं होतं, पण पंगतीत नको होतं.)

खांब तयार होईपर्यंत मंदी आली, शेठ दिसेनासा झाला, व्हिला जोत्यावरच थांबला. बाराही खांब यार्डात ऊन खात उभे आहेत. आमचा फोरमन उझैर रोज सकाळी त्यांना म्हणतो, यल्ला, चला, घरी जा. मामींना नमस्कार सांगा, आणि खाणीवर काठी घेऊन जात जा.

तुमचा,
दत्तप्रसाद

ता. क. कंपनी खांब फुकट देतेय. आपल्या देवळाच्या सभामंडपाला शोभतील.

आणखी एक ता. क. यार्डात उभे आहेत असं वर लिहिलं, ते मंगळवारपर्यंत खरं होतं. मंगळवारी त्यांना घेऊन बोट निघाली.

शेवटचा ता. क. ‘खुशाल आहोत’ हेही खोडा. कंपनी खलास, व्हिसा उरलाय महिनाभर. मुग्धाला ठाऊक आहे, आईला सांगितलेलं नाही. खाणीवर माणूस लागेल का? खांब बारा लिहिलेत, ते तेरा समजा. आल्यावर खुशाल टिचकी मारून बघा.