मालनच्या वर्गातली पेशंट

दहिसर, ऑक्टोबर १९८४

प्रिय जयवंत,

तुझं पत्र पोचलं. मालन नर्सिंगच्या शाळेत शिकते की नुसता पोरखेळ करते, ते डोळ्यांनी बघून कळव, नाहीतर दिवाळीआधी येऊन लेकीला गावी नेतो, असं लिहिलंयस. बघितलं रे, पण काय कळवू? माझाच गोंधळ उडालाय.

मी काही शाळेत गेले नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले. बाई फळ्यापाशी आणि पोरं मुकाट, एवढीच शाळा मला ठाऊक. या पोरींच्या एडना टीचर म्हणे मागच्या बाकावर बसतात. चौघीचौघींचे गट, एक नर्स, एक पेशंट, दोघी चुका काढणार, मग अदलाबदल. टीचर मध्येच विचारतात, असं का केलंस, आणि उत्तर पोरींनीच आपापसांत शोधायचं. मग या बाई पगार कसला घेतात, असं मी मालनला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, आत्या, दुसरीला शिकवायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. मला ते पटलं, आणि नाहीही.

रविवारी मालनच्या गटातल्या चौघी सरावाला आपल्या खोलीवर आल्या. मला खाटेवर झोपवून पेशंट केलं. म्हणाल्या, कुठलंही दुखणं सांगा, खोटं चालेल. त्यातली नलिनी नर्स झाली होती. स्टूल ओढून शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि घाई न करता विचारत राहिली. मला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं रे. भावाला लिहायला लाज वाटते, पण मी बोलून गेले की डाव्या बाजूला छातीत गाठ आहे, दुखत नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पोरींनी टाळ्या पिटल्या, आत्या, झकास काम केलंत म्हणाल्या. मालन चुका काढायला बसली होती, तिने एकही काढली नाही. मैत्रिणी गेल्यावर चहाचे कप तसेच ठेवून माझ्यापाशी आली.

"आत्या, ती गाठ मला दाखव."

येत्या सोमवारी इस्पितळात त्या गाठीचा तुकडा तपासायला काढणार आहेत. मालन सोबत असेल, एडना टीचरनी तिला मोकळीक दिलीय. याला शिक्षण म्हणायचं का, ते मला अजून नीट सांगता येत नाही, तूच येऊन बघ. येणारच होतास, तर सोमवारच्या आत ये, मला भीती वाटतेय. मालनचं परतीचं तिकीट मात्र काढू नकोस.

तुझीच,
विमलाताई