कौसल्यामामी अर्निस शिकते, त्याची हकीकत

बारामती, ता. ९ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप भीमामामा यांच्या पायाशी भाचा सिद्धू याचा दंडवत. इकडं आम्ही सगळे ठणठणीत आहोत (माझा उजवा कोपर सोडून, त्याचं पुढं येईलच). तुमची कंबर कशी आहे? थंडी फार पडलीय, आखाड्यात उघड्या अंगानं उतरत जाऊ नका, आता वय झालं (हे आईनं लिहायला सांगितलंय, मी नाही).

आईनं खरं तर मला एकच ओळ लिहायला बसवलंय. ती आधी लिहून टाकतो. मामी दसऱ्यापासून आमच्याकडं आहे, तुम्ही स्वतः न्यायला आल्याशिवाय ती परत येणार नाही, आणि चूक तुमची आहे. तिनं हातानं वाढवलेली एकवीस मेंढरं तुम्ही तिला न विचारता बाजारात विकून मोकळे झालात. राग मानू नका मामा, पण मलाही वाईट वाटलं. झाली आईची ओळ. आता मुद्द्याचं सांगतो, कारण इथं जे चाललंय ते ऐकून तुम्ही तोंडात बोट घालाल!

एमआयडीसीतल्या डेअरीत माझी पहिली पाळी असते, ती सुटली की मी सरळ बिरूसरांच्या क्लासला जातो. बिरूसर आपल्या इंदापूरचेच. सहा वर्षं बोटीवर स्वयंपाकी होते. तिथं फिलिपिन्स देशाचे खलाशी त्यांचे दोस्त झाले आणि सर त्यांच्याकडनं अर्निस शिकून आले. अर्निस म्हणजे दोन हातांत वेताच्या दोन आखूड काठ्या, आणि समोरच्याला कळायच्या आत बारा ठिकाणी बारा वार. काय विद्या आहे मामा! नुसती बघितली तरी अंगावर काटा येतो. सर दोन दिवस कराटे घेतात, एक दिवस लाठीकाठी, बाकीचे दिवस अर्निस आणि अधनंमधनं कुस्तीचे डाव. त्यामुळं आमच्यातला कोण कुठल्या देशाचं मारील याचा भरवसा नाही. (सुरुवातीला वेत मिळेना, तर सरांनी प्रत्येकाला उसाची दोन दोन कांडकी आणायला सांगितलं. चार दिवसांत ते बंद करावं लागलं, कारण सर पाठमोरे झाले की पोरं हत्यार सोलून खायची.)

दिवाळीनंतर एक दिवस मी न जेवताच क्लासला पळालो म्हणून मामी मागनं डबा घेऊन आली. मी तेव्हा पाच नंबरचा वार करत होतो (चांगला करत होतो, सरांनी मान हलवली होती). मामी दारातनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आरं सिद्धू, असं हाणलंस तर लांडगा बसून हसंल!" पोरं खो खो हसली. सरांनी गमतीनं तिच्या हातात काठ्या दिल्या आणि हळूच वार केला. पुढं काय झालं ते मला नीट दिसलं नाही, पण सरांची एक काठी कोपऱ्यात जाऊन पडली होती आणि मामीची त्यांच्या गुडघ्याला टेकली होती. तीस वर्षं रानोमाळ मेंढरांमागं हिंडलेली बाई ती! सरांनी तिथंच वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून मामी पदर खोचून क्लासला हजर. आकडे तिला पटेनात, म्हणून तिनं वारांना नावं दिली. तीन म्हणजे कुत्र्याचा, पाच म्हणजे लांडग्याचा आणि अकरा म्हणजे बाभळीच्या शेंगा पाडायचा. आता सरसुद्धा तेच म्हणतात. आणि तिचा जोडीदार मी. (कोपर कळला ना?)

गेल्या रविवारी तर कहर झाला. दुसऱ्या एका क्लासची मंडळी आमच्याशी काठ्यांचा सामना खेळायला आली. माझी कुस्ती... म्हणजे माझा सामना लवकर संपला, त्याचं लिहीत नाही. शेवटी त्यांचा ब्लॅक बेल्टवाला पोरगा मामीसमोर उभा राहिला आणि कराटेच्या रिवाजाप्रमाणं कमरेत वाकला. मामीला वाटलं, पाया पडतोय. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "औक्षवंत व्हय रं बाबा. कुणाचा तू?" पोरगा म्हणाला, कोऱ्हाळ्याच्या आप्पासाहेबांचा. "म्हंजी छबूबाईचा नातू? आरं, ती माझी मावसभन हाय की!" झालं! मामीनं काठ्या खाली ठेवल्या. पाव्हण्याच्या पोरावर काठी उचलायची न्हाय म्हणाली. पंच शिट्टी फुंकून दमले. तेवढ्यात त्या पोरानं गुण मिळवायला मामीच्या खांद्यावर काठीची एक टिचकी मारली. "आज्जीवर हात उगारतूस व्हय?" एवढंच ऐकू आलं, आणि त्याच्या दोन्ही काठ्या छपराच्या पत्र्यावर! पंचांनी मामीला विजयी केलं. मग तिनं त्याला जवळ बसवून माझा डबा चारला. मी उपाशी राहिलो, पण मामा, शपथ सांगतो, एवढा आनंद मला बारावी पास झाल्यावरही झाला नव्हता!

येत्या २६ जानेवारीला मैदानावर आमचं प्रात्यक्षिक आहे आणि सगळी भिस्त मामीवर आहे. बाकी सर्व क्षेम.

आपला काळानिळा भाचा,
सिद्धू

ता. क. आईची ती ओळ वाचून लगेच पिशवी भरू नका. पाया पडतो, २६ जानेवारीपर्यंत इकडं फिरकू नका. मामी गेली तर आमचं प्रात्यक्षिक बोंबललं. ती इथं लई खुशीत आहे, तुमची आठवणसुद्धा काढत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी माझ्यासोबत क्लासला येणाऱ्या धाकट्या बहिणीनं, योगिनीनं, पत्र वाचलं आणि मला गाढव म्हणाली. ती म्हणते, क्लासच्या दारातनं एसटी स्टँड सरळ दिसतो. मामी रोज दाराकडं तोंड करूनच उभी राहते. पाचला इंदापूरहून येणारी गाडी लागली की शेवटचा माणूस उतरेपर्यंत तिची काठी थांबते. मला वाटायचं, दम खातीय. मग गाडी रिकामी झाली की ती जी हाणायला लागते, ते मीच जाणे. मामा, वरचं ता. क. खोडलंय असं समजा. प्रात्यक्षिकाचं आमचं आम्ही बघू. पत्र मिळाल्याबरोबर त्याच गाडीनं या आणि उतरल्या उतरल्या "चुकलं माझं" म्हणा. फक्त चार हात लांबनं म्हणा.