बिनखोकल्याचा पाहुणा

कूस,
७ नोव्हेंबर १९९३

चि. तहानी हीस, कपाळावर एक आणि दोन्ही गालांवर दोन-दोन पापे घेऊन आईचे आशीर्वाद. वि. वि.

लिहिते आहे मब्रूका, बोलते आहे मी. अक्षर आवडलं तर वहिनीचं कौतुक कर, मजकूर टोचला तर माझ्या नावाने बोटं मोड.

तुझं पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. इस्पितळाच्या मागे बाहेरगावच्या आजारी पोरांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी धर्मादाय इमारत, आठ खोल्या, एक स्वयंपाकघर, इथवर ठीक. पण ती इमारत सांभाळणाऱ्या त्या इरिनीबाईंचे कायदे! दारात हात धुवायचे आणि बाई बघत उभी राहणार. टॉवेल वेगळा, पेला वेगळा, ताटाला ओळखीचा रंगीत दोरा. अगं, आपल्याकडे माणूस वेगळं ताट मागतो ते भांडण झाल्यावर. आठ घरच्या बायका एका परातीभोवती बसतच नाहीत, तर एकमेकींची दुखणी ऐकतात कधी?

तुझ्या लेकीच्या, नवाराच्या रक्तातला आजार मारताना ते औषध तिची ताकदही मारतं, म्हणून साधी सर्दीसुद्धा तिला महागात पडेल, हे तू लिहिलंस ते कळलं. मी निरक्षर आहे, मठ्ठ नाही. पण कुणी तिच्या डोक्यावर हात ठेवून, दुआ म्हणून फुंकर घालायला नको का? तुझ्या प्रत्येक तापात मी घातली, आणि बघ, उलट बोलण्याइतकी धडधाकट आहेस. माझे गुडघे सध्या संपावर आहेत, जावईबापू साखर कारखान्यात अडकलेत. शेजारच्या उम्म हिलाल गुरुवारी कैरोला मुलाकडे निघाल्यात. त्यांना सांगून ठेवलंय, माझ्या वतीने त्या फुंकतील. सोबत उन्हात पीठ फुगवून भाजलेल्या सहा भाकरी आणि काकवीची बरणी आहे. काकवी बाईंनाही दे, स्वभावावर उतारा म्हणून.

माया आहे तेवढी असू दे, उरली तर नवाराला दे.

तुझी आई,
बहिय्या
(खाली अंगठा माझाच आहे, शाई मब्रूकाने सांडली.)


कैरो,
१८ नोव्हेंबर १९९३

ती. आईस, तुझा उजवा हात माझ्या कपाळाला लावून सलाम. वि. वि.

उम्म हिलाल मावशी आल्या. मी वरच्या गॅलरीतून त्यांना गल्लीतून येताना पाहिलं. दोनदा थांबून, भिंतीला हात लावून खोकत होत्या. दारात इरिनीबाई सगळ्यांना विचारतात तेच त्यांना विचारलं, की सात दिवसांत खोकला, सर्दी, ताप काही? मावशी म्हणाल्या, खोकला कसला बाई, गाडीची धूळ आहे. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

आई, मी म्हणाले, धूळच आहे.

बारा तास बसून आलेलं गावचं माणूस, हातात तुझी पिशवी. त्यांना उंबऱ्यावरून परत धाडलं असतं तर कूसमध्ये तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मावशींनी नवाराला मांडीवर घेतलं, डोक्यावर हात ठेवला, तीनदा फुंकर घातली. नवारा नंतर मला म्हणाली, ही आजीची फुंकर नाही, आजी मध्येच गुदगुल्या करते.

चौथ्या दिवशी ताप चढला. तिला इस्पितळात वेगळ्या खोलीत ठेवलंय, मी तोंडाला फडकं बांधून आत जाते. शेजारच्या खोलीतल्या, मन्सूरा शहराहून आलेल्या बाईंच्या मुलीलाही लागण झाली. दोघींच्या औषधाची पुढची फेरी थांबली आहे. आणि डॉक्टर म्हणाले, फेरी थांबली की आजार पुढे सरकतो. त्या बाई आता स्वयंपाकघरात माझ्या शेगडीजवळची जागा सोडून उभ्या राहतात. इरिनीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की तो प्रश्न मी स्वतःसाठी विचारत नाही.

येऊ नकोस. कुणाला पाठवू नकोस. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपावंसं फार वाटतं, म्हणूनच लिहिते, येऊ नकोस.

तुझ्या रागालोभाची धनीण,
तहानी


कूस,
२४ नोव्हेंबर १९९३

चि. तहानी हीस, आज पापे नाहीत, लांबूनच आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऐकून दिवसभर मला बोलता आलं नाही. मब्रूका म्हणते, अशी बातमी वर्तमानपत्रात द्यायला हवी.

उम्म हिलालला बोल लावू नकोस. तोंड तिचं होतं, फुंकर माझी होती. आणि तू धूळ म्हणालीस ते माझ्या अब्रूसाठी. अशी अब्रू चुलीत घाल.

मन्सूराच्या बाईंकडे जा. माझ्या नावाने माफी माग. आमची चूक झाली म्हण. नशीब म्हणू नकोस, देवाची मर्जी म्हणू नकोस. त्याने काही उम्म हिलालचं तिकीट काढलं नव्हतं.

इथे तुझ्या सासरचे नऊजण गाडी ठरवून निघाले होते. आजाऱ्याला भेटायला न जाणं शोभत नाही, म्हणे. हे मीच त्यांना चाळीस वर्षं ऐकवलंय. वाटेत जाऊन उभी राहिले. तुझे चुलतसासरे म्हणाले, म्हातारी मोठी डॉक्टरीण झाली. म्हटलं, झाले, आणि पहिलं औषध म्हणजे तुम्ही घरी बसा. दोन दिवस माझ्याशी अबोला आहे. फार शांत वाटतं.

दुपारी नवाराच्या जागेवर मांजर येऊन झोपतं. मी त्याला हाकलते. मग पुन्हा झोपू देते. जागा गार पडू नये.

तुझी आई,
बहिय्या


कैरो,
१ डिसेंबर १९९३

ती. आईस, दोन्ही हातांना सलाम. वि. वि.

ताप उतरला! पाच दिवस झाले. मन्सूराच्या बाईंची मुलगीही बरी आहे. तू सांगितलंस तसंच्या तसं मी त्यांना म्हणाले. त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, की माझ्या आईने पाठवलेलं माणूस असतं तर मीही दार उघडलंच असतं. काल त्यांनी माझ्या शेगडीवर स्वतःची किटली ठेवली.

शनिवारी, ११ तारखेला, औषधाची फेरी सुरू होते. ती सुरू झाली की दोन महिने कुणालाच भेटता येणार नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी, एका घरचं एक माणूस वर येऊ शकतं. नवारा तुझं नाव घेऊन झोपते, आणि गुडघे संपावर आहेत सांगितलं तर म्हणते, त्यांना पगार वाढवून द्या.

आई, तू ये.

तुझी वाट पाहणारी,
तहानी


कूस,
१३ डिसेंबर १९९३

चि. तहानी हीस, मोजता येणार नाहीत इतके आशीर्वाद. वि. वि.

घरी पोचले. तू रागावली असशील, म्हणून आधी माझं ऐक.

निघताना मी ठणठणीत होते. असियूत स्टेशन गेल्यावर घसा खवखवू लागला. मी मनाशी म्हटलं, गाडीची धूळ आहे. आणि मग माझं मलाच हसू आलं, इतकं की समोरच्या शेतकऱ्याने जागा बदलली.

दारात इरिनीबाईंनी विचारलं. तहानी, खोटं अगदी जिभेच्या टोकावर होतं. वरून कुणाचं तरी हसू ऐकू येत होतं आणि ते नवाराचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. म्हटलं, हो बाई, घसा धरलाय. त्या म्हणाल्या, नऊ वर्षांत हो म्हणणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. मला वाटलं होतं, पहिली म्हणतील. खडूसच आहे बाई, पण खाली गल्लीत खुर्ची आणून दिली, चहा दिला, आणि तुम्हाला वरच्या गॅलरीत बोलवायला स्वतः तीन मजले चढली.

नवाराचे केस गेले हे तू मला कळवलं नव्हतंस. त्यावरून भेटल्यावर भांडू.

गॅलरीत तीन पोरी आल्या. तिघींच्या डोक्याला पिवळे रुमाल, तिघींच्या तोंडावर पांढरी फडकी. तिघी आजी आजी ओरडत होत्या. पोरींना काय, खेळच मिळाला. तू मागे सावलीत होतीस, मध्येच आत गेलीस. माझे डोळे कसे आहेत तुला ठाऊक आहे. बाई खाली येऊन शेजारी उभ्या राहिल्या, पण माझी नात कोणती हे परक्या बाईला कोणत्या तोंडाने विचारू? मी तिघींनाही हात केला. खांदा भरून येईपर्यंत केला.

घसा आता बरा आहे. घरात सगळे बरे आहेत. फेरी पार पडली की पोस्टकार्डावर एक ओळ लिही.

जवळ नसलेल्यांवर माया जरा जास्त करावी, ती कर.

तुझी आई,
बहिय्या

ता. क. डावीकडची, मधली की उजवीकडची? मला वाटतं, मधली. ती सगळ्यांत शेवटी आत गेली.