नायकाचं नाव तेवढं राहिलं

सेलू,
मार्गशीर्ष, १९५५

तीर्थरूप आक्कांना यशोदेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का, आणि तुमच्या यजमानांचा दमा या थंडीत कसा आहे, ते कळवा. तळेगावहून धाडलेली संत्री पोचली. अर्धी मी खाल्ली, अर्धी शेजारच्या भागाबाईनं 'आंबट हायेत' म्हणत म्हणत खाल्ली. मी बरी आहे. कापसाची जिनिंग सुरू झाली. सकाळचा भोंगा वाजला की हात अजून भाकरी फडक्यात बांधायला जातो. तुमचे भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली, पण हाताला कोण समजावणार?

आक्का, मी एक कादंबरी लिहिली आहे. प्रेमाची. (पाणी प्या, मग पुढे वाचा.) दोष माझा नाही, नागपूरच्या बबनराव प्रकाशकांचा आहे. मागे एका मासिकात मी वड्या वाळवण्याबद्दल चार पानं लिहिली होती, ती त्यांनी वाचली आणि ज्या बाईला वड्यांवर इतकं लिहिता येतं तिला प्रेमावरही येईल असं ठरवलं. त्यांच्याकडे एका कादंबरीचं मुखपृष्ठ छापून तयार होतं, आतली कादंबरी नव्हती. जो लेखक ती लिहिणार होता त्याला सरकारी नोकरी लागली आणि त्याचं प्रेम संपलं. मुखपृष्ठावर चांदणं आहे, झुळझुळीत पातळातली मुलगी आहे, आणि मोटारीला टेकून उभा असलेला एक मिशीवाला तरुण आहे. मला फक्त या तिघांना शोभेल अशी गोष्ट लिहायची होती.

भीती किती वाटली ते सांगत नाही. मी शाळेत न गेलेली बाई. किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं जुळवत वाचायला शिकले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात विधवा. गाव म्हणेल, हिला आता हे काय सुचलं? पहिले काही दिवस मी टाक घेऊन बसायची आणि उठून तांदूळ निवडायची. घरात एक खडा उरला नाही. मोटारीची पंचाईत वेगळीच. मला माहीत असलेली मोटार म्हणजे आपली वर्ध्याची बस, आणि ती पवनारचा चढ आला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावते. त्यामुळे माझ्या नायकाची मोटारही दर प्रकरणात बंद पडते. नायक-नायिकेची पहिली भेट मोटार ढकलतानाच होते. (बबनरावांना हे फार आवडलं. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं.)

पण खरी अडचण पुढेच होती. मुखपृष्ठावर कादंबरीचं नाव मोठ्या लाल अक्षरांत छापलं आहे, '———ची चांदणी'. पहिला शब्द मी लिहीत नाही, तुम्ही ओळखा. तुमच्या आईनं बारशाला जे नाव ठेवलं, तेच. त्या मिशीवाल्याचं नाव तुमच्या भावाचं निघालं.

आता सांगा, मी काय करावं? रेशनच्या कचेरीत कारकून 'पतीचं नाव?' म्हणाला तेव्हासुद्धा मी भागाबाईला पुढे केलं होतं. त्यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यात, आणि आता उखाणा घे म्हणून कुणी दार अडवत नाही. मी बबनरावांना नायकाचं नाव बदलायला सांगितलं. ते म्हणाले, रंगीत छपाई आहे बाई. मग मी नाव यायचं तिथं रेघ ओढून जागा सोडत गेले. रीत हे त्याचं अर्धंच कारण, आक्का. माणूस गेल्यावर कपडे वाटून टाकतात, चप्पल कुणाला तरी देतात. जे कधी तोंडानं घेतलं नाही ते नाव तेवढं माझ्याकडे जसंच्या तसं उरलं होतं. ते मोटारीला टेकलेल्या परक्याला कसं देऊन टाकू?

दुपारी मी लिहिलेलं भागाबाईला वाचून दाखवते. पहिल्याच दिवशी रेघ आली, मी थांबले, तशी ती म्हणाली, "काऊन वो, या माणसाले नाव नाई काय? बिनानावाच्या माणसावर पोरगी जीव कशी लावन?" मी मग मुखपृष्ठ दाखवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हात्तिच्या! म्या त्यायले रोज हाक मारली, मले कायचं पाप? तुमी थांबत जा, मी घेत जातो." तेव्हापासून मी रेघेपाशी थांबते आणि भागाबाई '———जी!' अशी आरोळी देते की कुंपणावरची कोंबडी उडते. नायक चांदण्यात नायिकेचा हात धरतो तिथेही 'जी'. पहिल्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी हसू आलं. आणि पुढे पुढे, तुम्हाला म्हणून सांगते, जिथे रेघ नव्हती तिथेही मी थांबू लागले.

तेव्हापासून लिहिणं सुरळीत चाललं. मिशीवाला हळूहळू बदलला. तो नायिकेला गोड बोलत नाही. तिला पुडीच्या कागदावर अर्धी गोष्ट सापडते, तर हा दुकानात जाऊन गरज नसताना पुन्हा जिरं आणतो, म्हणजे पुढचं पान मिळावं. पुडीचा दोरा दातानं न तोडता सोडतो, कागद फाटू नये म्हणून. बबनरावांनी समासात लिहिलं, 'मोटारवाला स्वतः जिरं का आणेल? आणि यात प्रेम कुठे आहे?' त्या काळी मलाही दिसलं नव्हतं, आक्का. मी म्हणायची, एवढं जिरं कशाला आणलं?

कादंबरी पुरी झाली. येत्या गुरुवारी बबनराव ती न्यायला येणार. बजावून गेलेत की रेघा भरलेल्या हव्यात, नाहीतर ते मुखपृष्ठ एका पेन्शनर हेडमास्तरांना देतील, ते आठवड्यात एक कादंबरी पाडतात. त्या हेडमास्तरांच्या हातून तो मिशीवाला काय बोलेल, याची मला धास्ती वाटते.

लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमची
यशोदा

ता. क. : मुख्य काम राहिलं. या पत्रासोबत वही धाडते आहे. तुम्ही थोरल्या, तुम्हाला त्यांचं नाव घ्यायला बंदी नाही. तेवढ्या रेघा भरून गुरुवारच्या आत परत करा. मधला मजकूर वाचलात तरी मला सांगू नका.

आणखी ता. क. : वही धाडत नाही. अक्षर केवढं काढायचं ते तुम्हाला कळावं म्हणून एका रेघेवर नमुना लिहिला, कृष्णकांत. मग दुसऱ्या रेघेवर लिहिला. दुपारपर्यंत सगळ्या भरल्या. काही झालं नाही. भागाबाईला मात्र राग आलाय, तिचं काम गेलं म्हणून.

शेवटचं ता. क. : तेव्हा वहीचं काम नाही, पण तुम्ही या. लिहायला मी शिकले, जीभ अजून वळत नाही, आणि भागाबाई प्रत्येक वेळी 'जी' लावते. तुम्ही त्यांना जेवायला बोलवायचात तशी परसात उभं राहून एकदा हाक मारा. बिना 'जी'ची. मी चुलीपाशी असेन.