चिंगीचं चालणं

४ फेब्रुवारी

आले बाई एकदाची या गावात! ट्रंक, वळकटी आणि कुबड्यांचा भारा घेऊन उतरले तेव्हा कंडक्टर म्हणाला, ताई, दुकान टाकताय का? म्हटलं, हो, पायांचं. मग स्वतःच्याच विनोदावर खोलीपर्यंत हसत आले. खोली झकास आहे. एक खिडकी, एक टेबल, भिंतीला खुंट्या आणि अंगणात हातपंप. घरमालकीण मावशी बोलक्या आहेत. इतक्या, की त्यांनीच आणलेला चहा गार झाला.

काम माझ्या आवडीचं. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाता येत नाही त्यांच्या दारी आपण जायचं, व्यायाम घरच्याच माणसाला शिकवायचा आणि हाताशी असेल त्या सामानातून साधनं करायची. उद्या मी इथून गेले तरी काम थांबता कामा नये, ही खरी गंमत.

९ फेब्रुवारी

सुतारकाकांची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली आहे, जीभ मात्र शाबूत. बोटांना व्यायाम म्हणून त्यांना वाटीतले खिळे उचलायला लावले, तर म्हणतात, जन्मभर ठोकले, आता वेचा. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तिथून पलीकडे शिंपीणबाईंकडे गेले. चिंगी नावाची मुलगी आहे, जन्मापासून पाय लुळे, एवढंच मला ठाऊक होतं. बाई व्यायाम इतक्या नीट देत होत्या की मी दारातच थबकले. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली, हळू दुमडायचं, हळू सोडायचं, आणि तोंडानं लाडीगोडी चालू. गादीवर कुणीही नव्हतं.

मी तशीच बाहेर आले. चिंगी गेल्या पावसाळ्यात तापानं गेली, हे सुतारकाकांनी सांगितलं. आईला ते मान्य नाही. मग येताजाता सगळेच विचारतात, कशी आहे चिंगी? तुम्हीही विचारा, म्हणाले, तुमचं काय जातंय? खोलीवर येऊन मी खूप रडले.

१२ फेब्रुवारी

मन घट्ट करून पुन्हा बाईंकडे गेले. गादीशेजारी बसले आणि बाईंची पकड किंचित सुधारली. बाईंचा चेहरा खुलला. ताई, ही उभी कधी राहील, म्हणाल्या.

तिथं गप्प बसायला हवं होतं. पण माझी खोड जुनी. एकच व्यायाम चालू राहिलेला मला बघवत नाही. म्हटलं, आता पुढची पायरी घेऊ. आधी बसवायचं, मग उभं करायचं. सुतारकाकांकडून दोन बांबू आणून अंगणात पोरीच्या कमरेच्या उंचीला समोरासमोर आडवे बांधले, दोन्हीकडे धरून मधून चालायला. तिला धरून ठेवू नका, म्हटलं. हात सोडायची सवय तुम्हाला लागायला हवी. बाई शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवत होत्या.

टाच धरायचं नाटक करताना तळहाताला ऊब लागली. उन्हाची असेल.

१८ फेब्रुवारी

आज बांबू वाकले. दोन्ही, एकाच जागी. मग थोडे पुढे. पुन्हा थोडे पुढे. वारा नव्हता. पलीकडच्या टोकाला बाई हात पसरून उभ्या होत्या, रडत होत्या, हसत होत्या.

आणि मी टाळ्या वाजवल्या. लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. काटा आला तो घरी परतताना.

२१ फेब्रुवारी

दुपारी बाई खोलीवर आल्या. चिंगी घरात थांबत नाही, म्हणाल्या. आज उठून बघते तर गादी रिकामी.

ती कधी भरलेली होती, हे माझ्या ओठांवर आलं असणार. कारण त्या म्हणाल्या, मला काय कळत नाही का ती गेली ते? माझ्याच मांडीवर गेली. पण तिला चालता येत नव्हतं ना, ताई. म्हणून माझ्याजवळ राहिली होती.

त्या माझे पाय धरायला वाकल्या. तिला होती तशी करून द्या, म्हणाल्या. चालणं विसरायला मी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही.

२३ फेब्रुवारी

बाईंनी तिला बांधलंय. कापडाच्या पट्ट्या, गादीवर, ताणलेल्या — मध्ये काहीच नाही आणि तरी पट्ट्या गोल. मनगटाएवढ्या गोल.

आता कुणी विचारत नाही कशी आहे. सुतारकाका म्हणाले, काल दिवसभर पोर रडत होती. विनोद केला नाही.

बाई पाण्याला गेल्या तेव्हा मी गाठी सोडल्या. माणसाला बांधून ठेवायचं नाही, हे मी घरोघरी सांगत आले. भीती वाटत होती, पण दया जास्त येत होती. शेवटची गाठ सुटली आणि गळ्यात हात पडला. गार.

२४ फेब्रुवारी

डाव्या खांद्यावर. उतरत नाही. मावशींनी विचारलं, वाकडी का चालतेस.

गाव सोडायला निघाले. बस आली होती. पायरीवर पाय उचलेना. वजन वाढतंय — कंडक्टर थांबला, बघत राहिला, मग घंटी मारली.

चिंगे, घरी जा गं. आई वाट बघते.

२४, संध्याकाळी

बाई दारात आल्या होत्या. केस मोकळे, पाय धुळीनं माखलेले. माझी पोर इथं आहे का, म्हणाल्या. पट्ट्या हातातच होत्या.

खांद्यात बोटं रुतली. पोर थरथरत होती. मी नाही म्हटलं. इथं नाही. त्या आईच्या तोंडाकडे बघून खोटं बोलले.

त्या पुढे गेल्या. चिंगे, चिंगे — शेतांकडे. अजून ऐकू येतंय. अशा हाका कुणी कुणाला मारू नयेत.

गेली बघ तुझी आई. आता तरी सोड. सोडत नाही — मला उठता येत नाही. पाय आहेत, दिसतात, पण —

हाक जवळ आली. परत येतायत. सांगून टाकते. इथंच आहे म्हणते, घेऊन जा, बांधा हवं तर, पण मला —

तोंडावर हात. एवढासा. ओरडता येत नाही. बाई दारावरून चालल्यात — दुसरा हात आता माझ्या लिहित्या