फुटक्या गालाची राणी

मी, अंबूबाई शालिग्राम ढगे, वय एकाहत्तर, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, धंदा पूर्वी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, आता नुसती कुरकुर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी दटावलेले नाही, आणि मी सांगते तसे शेजारचे नागसेन गुरुजी उतरवून घेत आहेत. डोके ठिकाणावर असले तरी गोंधळलेले आहे. वकीलसाहेब म्हणाले, तेवढे चालते.

१. राहते घर आणि मागची चिंच मुलगा हरिओम याला. चिंच तोडायची नाही. त्याने दोनदा कुऱ्हाड आणली, दोनदा मी ती लपवली. ती ज्वारीच्या कणगीमागे आहे, तीही त्यालाच.

२. बँकेत असेल नसेल ते सून राखी हिला. माझ्या तेरवीला बुंदी करू नये. मला ती कधीच आवडली नाही, हे पन्नास वर्षांत कोणी विचारले नाही.

३. पटाशी, कानस, रंगाच्या वाट्या आणि एक सोडून सगळ्या बाहुल्या नात अनुपमा हिला. तिने पुण्यात राहून याच बाहुल्यांचा दीड तासाचा चित्रपट केला. माणूस एकही नाही, सगळा काळोख, आणि लहान पोरांना दाखवायचा नाही म्हणे. बाहुल्या पोरांसाठी नाहीत तर कोणासाठी, हे मला अजून कळले नाही. तीनदा पाहिला, तरी नाही.

नायिका अनाथ का, म्हणून मी विचारले. अनुपमा म्हणाली, आईबाप असते तर तिला एकटीला जंगलात जाऊ दिले असते का? बरे, हे पटले. पण त्यात एक म्हातारी आहे, तिला आवाज माझा. दोन दिवस मी त्या डब्यासारख्या खोलीत बसून बोलले, आणि मी मरणार आहे हे मला कोणी सांगितले नाही. विसाव्या मिनिटाला म्हातारी म्हणते, “खरी गोष्ट अशी आहे पोरी, की...” आणि मान टाकते. मला राग आला. वीस मिनिटे झाडपाल्याचे औषध सांगत बसली, मुद्द्याचे आधी का नाही बोलली? अनुपमा म्हणते, म्हातारीने सगळे सांगून टाकले तर पोरगी घराबाहेर कशाला पडेल.

४. आता ती एक बाहुली. पांगाऱ्याच्या लाकडाची राणी, डावा गाल फुटलेला. चित्रपटात दुष्ट तीच आहे. दुष्टाचा चेहरा फुटकाच का असावा, हा माझा एक प्रश्न. आमच्या खेळात राक्षस हा राक्षस होता. यायचा, ओरडायचा, मरायचा, लोक घरी जेवायला जायचे. इथे दुष्टालाही कारण असते आणि ते शेवटी कळते. राणीला तिच्या थोरल्या बहिणीने राक्षसासोबत पेटीत कोंडले, त्याच्या शिंगाने गाल फुटला, आणि बहिणीने हात वर केले.

मी अनुपमाला फक्त शिंग लागले एवढेच सांगितले होते. बहिणीचे तुला कोणी सांगितले, असे मी विचारले. तिने हसून उत्तर दिले, “कोणीच नाही. अशा गोष्टीत घात घरातलंच माणूस करतं आजी, परक्यानं केला तर कोणाले काही वाटत नाही.” तिला माझे माहीत आहे, की सगळ्या गोष्टीच अशा असतात? मला ठरवता येत नाही.

म्हणून मी पूर्ण सांगते. मला विसाव्या मिनिटाला मरायचे नाही. आमच्या वडिलांच्या खेळात रीत होती की राक्षस वेगळ्या पेटीत, तोंड खाली करून. राणीसोबत कधीच नाही. पेट्यांच्या किल्ल्या थोरल्या मुलीच्या, म्हणजे माझ्या, कमरेला. १९८९ साली संग्रामपूरच्या खेळात लोकांनी माझी धाकटी बहीण सत्यभामा हिने दिलेल्या राणीच्या आवाजाला टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे प्यायला पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी मोताळ्याला निघताना मी राणी आणि राक्षस दोघांना एकाच पेटीत घातले. घाईत, की मुद्दाम? छत्तीस वर्षे विचारते आहे. एक दिवस हे वाटते, एक दिवस ते. मोताळ्यात पेटी उघडली तेव्हा राणीचा गाल गेला होता. वडिलांनी विचारले आणि मी म्हणाले, पेटी सत्यभामाने भरली. त्यांनी तिला त्याच दिवशी खेळातून काढले. ती मोताळ्यातच राहिली, भाजीचे दुकान लावू लागली. त्यानंतर राणीचा आवाज मी काढला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ती राणी माझ्या मरणानंतर हरिओमने सत्यभामाबाईला नेऊन द्यावी आणि हे कलम तिला वाचून दाखवावे.

इथे गुरुजींनी पेन खाली ठेवला. म्हणाले, “म्हणजे तुम्ही गेल्यावरच तिले कळणार?” मी हो म्हणाले. मग मला चित्रपटातली म्हातारी आठवली आणि मी सही न करता उठले.

पुरवणी. बाजाराच्या दिवशी मी राणीला जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने मोताळ्याला गेले. सत्यभामा वांग्यांच्या ढिगामागे बसली होती. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले, गिऱ्हाईक ऐकत होते. तिने पदराला हात पुसले, राणी घेतली, फुटक्या गालावरून अंगठा फिरवला.

“मले माहीत होतं बाई. किल्ली तुह्याच कमरेले राहे.”

“मग काऊन नाही बोलली?”

“तू सांगशील म्हणून वाट पाहून राह्यली होती.”

मी तिथेच बाजारात रडले. तिने मध्येच एकाला किलोभर वांगी मोजून दिली, मग दोरे बोटांत धरले, आणि राणीने त्या माणसाला विचारले, पिशवी आणली का. आवाज तोच होता. जरासुद्धा उतरला नव्हता.

अनुपमाच्या चित्रपटात खरे कळल्यावर राणीची राख होते. इथे सत्यभामाने चहा मागवला. कोणता शेवट बरोबर, मला कळत नाही.

सबब कलम ४ रद्द. राणी माझ्या हातानेच दिली आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. सत्यभामाला आता यातून काही मिळत नाही, म्हणून साक्षीदार तीच, सहीसाठी मोताळ्याहून आली आहे.

ठिकाण: वरवट बकाल. दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५.

(सही) अंबूबाई शालिग्राम ढगे

साक्षीदार १: (सही) नागसेन तायडे, निवृत्त शिक्षक, वरवट बकाल. लिहिणारा मीच.

साक्षीदार २: (सही) सत्यभामाबाई, मोताळा. बाईने माझ्यासमोर सही केली. मी सगळे वाचून घेतले, रद्द केलेले कलम दोनदा.