बुळकांडीची दरखास्त

वडीगोद्री, सन १३४९ फसली

तीर्थरूप मामांस भुजंगचा वाकून नमस्कार. गुडघे आता जरा ऐकतात का? (नुसतं तेल चोळून भागायचं न्हाई, औषधही घ्या.) इकडे आम्ही नवराबायको, मी आणि तारा, खुशाल, आणि मी सध्या गावात छाती काढून हिंडून राह्यलोय. ते का, तेच कळवतो.

मागच्या गुरुवारी आपल्या पवळ्या बैलाने वैरण सोडली. डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ, हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखे फोड आणि मागून नुसतं पाणी. मी बराबर ओळखलं, ही बुळकांडी! रखमाजी पाटील म्हणाले, "गपचिप ऱ्हा. बोभाटा झाला तर सोमवारचा बैलबाजार बंद पडंल." पण त्याच बाजारातून रोग तालुकाभर गेला असता, मामा. मी पवळ्याला मळ्यात एकटा बांधला आणि अंबडची तहसील कचेरी गाठली.

तिथं दरखास्त, म्हंजे अर्ज, उर्दूत पाहिजे. लिहून देणाऱ्याने जल्दीत नेमका 'बैल' हा शब्दच गाळला. पेशकारांनी तहसीलदार साहेबांपुढे वाचलं, की भुजंग, राहणार वडीगोद्री, लाळ गाळतो, खाणंपिणं सोडलंय, (पुढचं मामींसमोर वाचू नका). साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "बिलकुल हात लावू नका याला!" मला लिंबाखाली बसवून भोवती चुन्याची रेघ मारली. "साहेब, मी न्हाई, बैल!" असं ओरडून घसा बसला. दुपारी ढोरांचे डाक्टर केशवराव आले. त्यांनी माझ्या हिरड्या पाहिल्या (खरंच पाहिल्या!) आणि म्हणाले, "मंग चला, खरा रोगी दाखवा."

संध्याकाळी आम्ही टांग्याने गावात. बाजार बंद, आणि दोन दिवसांत दोनशे जनावरांना सुया टोचल्या. पवळ्या मात्र गेला. तारा दोन दिवस जेवली न्हाई, मीही मळ्याकडे गेलो न्हाई. पण त्याच्यामागे गावातली दोनच जनावरं गेली, बाकी सगळी दावणीला उभी आहेत! काल पाटलांनी स्वतः चावडीवर मला फेटा बांधला.

मामींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमचा भाचा,
भुजंग

ता. क. रोग ओळखला तो ताराने. तिने पवळ्याचा ओठ उचलून दाखवला तेव्हा मी दृष्ट काढायला मिरच्या शोधून राह्यलो होतो. (ती मागे उभी आहे.)

आणखी एक. तुमचा बैल चार दिवस लाळ गाळतोय आणि तुम्ही ते लपवताय, असं मामींनी कळवलंय. तुमच्या बदनापूरची खबर मीच डाक्टरांना देऊन टाकली. डाक्टर बुधवारी येतील. तोवर बैल वेगळा बांधा, आणि माझ्यावर रागवायचं ते डाक्टरांना चहा पाजून मंग रागवा.